सलोमीचं खिंडार

रेल्वेची शिट्टी या मुलखाने अजून ऐकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पिंपळओहोळच्या ख्रिस्ती वस्तीत सलोमीआक्का नावाची सुईण होती. तिचे हात मऊ होते आणि जीभ फार तिखट. अडलेली बाई आक्काच्या शिव्या ऐकूनच मोकळी होते, असं म्हणत.

मिशनच्या पाद्रीसाहेबांनी तिला एक काम शिकवून ठेवलं होतं. मूल जगत नाही असं दिसलं, की चटकन त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. कारण बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या मुलाला कबरस्तानात जागा नव्हती. त्याला भिंतीबाहेर बाभळींच्या रानात पुरत. तिथे ना क्रूस, ना प्रार्थना.

एका वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत वस्तीतली केशर बाळंत झाली. मूल निळं पडलेलं. पाण्याचा तांब्या शेजारीच होता. सलोमीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तोंड लावलं ते बाळाच्या तोंडाला. ती फुंकत राहिली. तिला वाटलं, हे जगणार. तिला दर वेळी असंच वाटायचं.

बाळ गेलं. पाणी तांब्यातच राहिलं.

कबरस्तानाची किल्ली लाजरस पंचाकडे असे. तो फाटकात आडवा उभा राहिला.

"बाप्तिस्मा झालाय का?"

"नाही."

"मग भिंतीबाहेर."

"लाजरस, बायबलातला तुझ्या नावाचा माणूस मेल्यावर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला. त्याला कुणी दाखला विचारला होता का रे?"

"आक्का, नियम मी नाही केला."

"किल्ली तर तूच मिरवतोस ना कमरेला!"

पाद्रीसाहेब आले. म्हणाले, "सलोमीबाई, तुम्हाला शिकवलं होतं. हलगर्जीपणा तुमचा."

"साहेब, देवाने मातीच्या आदामात श्वास फुंकला, तेव्हा आधी पाणी शिंपडलं होतं का?"

साहेब रागावले. बाळ बाभळीखाली गेलं. केशर ना किंचाळली, ना कोसळली. परतताना तिने एवढंच विचारलं, "आक्का, जगाच्या शेवटच्या दिवशी कबरी उघडतील, तेव्हा भिंतीबाहेरच्यांना कोण उठवणार? माझ्याचं तर नावही ठेवलं नाही. हाक कशी मारतील त्याला?"

ते शब्द सलोमीच्या छातीत रुतले. तिला पाद्रीचा राग आला, लाजरसचा आला, त्या तांब्याचा आणि स्वतःचाही आला. पाणी ओतलं असतं तर? शब्द म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण सगळ्यांत जास्त राग देवाचा आला. उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, सगळी वस्ती गुडघ्यांवर होती, तेव्हा ती हाताची घडी घालून बसून राहिली. मनात म्हणाली, 'तुझा मुलगा मेला, तिसऱ्या दिवशी उठवलास. तुझं भागलं. आमच्या लेकरांचं काय?'

मग ईस्टरची पहाट आली. वस्तीची रीत अशी होती, की उजाडण्याआधी सगळ्यांनी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानाच्या फाटकाशी जमायचं. पाद्री हाक घालणार, "प्रभू उठला आहे!" आणि लोक म्हणणार, "खरोखर उठला आहे!" सलोमी आली ती नवऱ्याची पहार खांद्यावर टाकून. फाटकाकडे न जाता ती मागे वळली, बाभळींच्या अंगाला, आणि काळ्या दगडांच्या भिंतीत तिने पहार घातली. चार गडी लागावेत असे दगड तिच्या हाताने भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे सुटत गेले, असं म्हणतात.

आवाज ऐकून माणसं धावली.

"आक्का, पवित्र भिंत पाडतेस?" लाजरस ओरडला.

"पाडते! आणि तू मला पवित्र शिकवू नकोस. त्या पहिल्या ईस्टरच्या सकाळी प्रभूच्या कबरेशी कोण गेलं होतं? तुम्ही बाप्ये दारं लावून बसला होतात. बाया गेल्या. दगड कोण लोटील, म्हणत म्हणत गेल्या, पण गेल्या!"

बोलली आणि तीच थबकली. त्या बाया तरी कुठे तो उठेल असा विश्वास घेऊन गेल्या होत्या? मढ्याला सुगंधी तेल लावायला गेल्या होत्या. आणि दगड त्या पोचायच्या आधीच लोटलेला होता.

तेवढ्यात केशर पुढे आली आणि तिने उघड्या हातांनी दगड ओढला. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. ज्यांचं कुणी बाभळीखाली होतं आणि ज्यांनी जन्मात कधी ते बोलून दाखवलं नव्हतं, अशा म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून आल्या. लाजरसची आईही आली. लाजरसच्या हातातली मेणबत्ती खाली पडली.

बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं, आणि बाभळींतून आवाज उठला. कुणी म्हणतं, मोर असतील. पण सुईणीचा कान फसत नाही. ते जन्मलेल्या मुलाचं पहिलं रडणं होतं, लालबुंद, मुठी आवळून संतापलेलं. एक थांबायच्या आत दुसरं, मग सगळं रानच. सलोमीची पहार गळून पडली.

"खरोखर उठला आहे!" ती ओरडली. पाद्रीसाहेबांनी अजून हाक घातलीच नव्हती.

पुढे गवंड्यांनी ते खिंडार पुन्हा पुन्हा बुजवलं, आणि दर वेळी ते सकाळी उघडं सापडलं, असं म्हणतात. शेवटी पंचांनी नाद सोडला आणि बाभळींभोवती, एक वाट मोकळी ठेवून, नवी भिंत घातली.

आजही पिंपळओहोळात ईस्टरला जुनं फाटक बंद असतं. लोक बाभळींच्या वाटेने येऊन खिंडारातून आत जातात, आणि सगळ्यांच्या पुढे असतात त्या मूल गमावलेल्या आया. बाभळीखालच्या प्रत्येकाला नाव आहे. ज्याचं कुणी उरलं नाही, त्याला वस्ती नाव देते. नावं घेऊन झाली की सगळे गप्प उभे राहतात. पाद्रीने तोंड उघडायचं नाही. गर्दीतलं एखादं तान्हं रडलं, की आधी बाया म्हणतात, "खरोखर उठला आहे!" आणि मग पाद्रीने म्हणायचं.

मागे एका नव्या सुनेचं बाळ रडायला लागलं, तशी ती शरमून त्याला पदराखाली घ्यायला लागली. मागून एक म्हातारी कडाडली, "अगं, गप्प काय करतेस त्याला? कधीची वाट बघतोय आम्ही!"