नांदवळच्या सरकारांचं लपवलेलं पिस्तूल

दिवाण विसाजीपंतांनी सलग तिसऱ्या सोमवारी ओळखलं, आणि नांदवळच्या उदाजीराजांचं डोकं फिरलं.

झालं होतं असं. शेजारच्या जहागीरदाराशी राजांचं वाकडं आलं, तेव्हापासून दरबारात बसताना ते अंगरख्याच्या उजव्या खिशात पिस्तूल ठेवू लागले. राजा घाबरला असं कुणी म्हणू नये, म्हणून सगळं गुपचूप. पण पहिल्याच सोमवारी पंत कानाशी येऊन म्हणाले, सरकार, उजवा खिसा आज भरलेला आहे वाटतं! राजांनी पिस्तूल बदललं. पंतांनी ओळखलं. मग तळहाताएवढं नवं मागवलं. पंतांनी तेही ओळखलं आणि वर मिशीत हसले.

आता राजे म्हणजे हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. दोष कुणाचा, तर खिसे शिवणाऱ्या गेनू शिंप्याचा! गुपित राहिलं बाजूला! त्याला बोलावून राजांनी तिन्ही पिस्तुलं पुढ्यात टाकली आणि बजावलं की यांतलं एक लपेल असा अंगरखा शिव; पुढच्या सोमवारी पिस्तूल अंगावर असेल आणि पंतांनी भर दरबारात ते कुठे आहे ते दाखवायचं. पंतांना दाखवता आलं, तर गेनूने त्याच दिवशी बिऱ्हाड उचलून संस्थानाबाहेर चालतं व्हायचं.

गेनू तिन्ही पिस्तुलं फडक्यात बांधून घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. तीन पिढ्या इथे गेल्या, आता या वयात कुठे जायचं? त्याची लेक येसू चूल फुंकत होती. तिने बापाला आधी जेवायला वाढलं, मग फडकं सोडलं.

पिस्तुलं रिकामी आहेत ना, हे तिने दोनदा पाहून घेतलं, आणि बापाच्या बंडीलाच खिसे शिवले. पितळेचं दुनळी पिस्तूल घातलं, तर बंडी एका अंगाला लोंबू लागली. हस्तिदंती मुठीचं घातलं. दिसायला काय देखणं! पण गेनू मांडी घालून बसला आणि नळी बरगडीत घुसून ओरडला. तिसरं ते तळहाताएवढं, साधं, काळं. ते घालून गेनू बसला, वाकला, विहिरीवरून पाणी घेऊन आला, शेजाऱ्याशी घटकाभर बोलला. कुणाला पत्ता लागला नाही. एकच खोड होती. बाहेर काढताना त्याचा घोडा अस्तराच्या दोऱ्यात अडकायचा. येसूने खिशाला आतून मऊ कातडं लावलं आणि तीही गेली.

“आबा, याच्यात खोट नाही. मग पंतांना कळलं कसं?”

गेनूला काय ठाऊक! त्याने कपाळाला हात लावला.

रविवारी बापलेक नवा जरीचा अंगरखा घेऊन वाड्यावर गेली. राजांनी तो चढवला, ते काळं पिस्तूल उजव्या खिशात टाकलं आणि आरशासमोर उभे राहिले. येसू कोपऱ्यातून बघत होती. राजांनी खिसा चाचपला. दोन पावलं चालले, पुन्हा चाचपला. बसले, चाचपला. कुणीतरी जहागीरदाराचं नाव काढलं, तर हात खिशावर जाऊन बसलाच. येसूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण राजाला सांगणार कोण, की सरकार, चूक तुमच्या हाताची आहे म्हणून? अंगरख्याचा दोष होता म्हणून बिऱ्हाड जात होतं, हाताचा म्हटल्यावर मुंडकं जायचं!

तिने हात जोडले. “सरकार, खिसा जमला. पण माझी एक अट आहे. उद्या डाव्या खिशात कोंबडीचं एक कच्चं अंडं ठेवायचं. दरबार उठेपर्यंत ते फुटता कामा नये.”

“हा काय पोरखेळ?”

“जमणार नसेल तर राहू द्या. अवघडच आहे ते.”

झालं! राजांना अवघड म्हणायची खोटी.

सोमवारी दरबार भरला. मंडळी मुजरे करत होती, आणि राजांचा जीव त्या अंड्यात अडकला होता. फुटलं तर नवी जर गेली आणि चार माणसांत शोभा झाली! बसले ते जपून, वळले ते बेतानं, आणि डावा हात काही खिशावरून हलेना. खांबाआड उभी असलेली येसू एकेक मुजरा मोजत होती. गेनू डोळे मिटून देवाचं नाव घेत होता.

शेवटी विसाजीपंत पुढे झाले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“सरकार, डावा खिसा.”

“तुम्हीच काढा, पंत,” राजे म्हणाले.

पंतांनी ऐटीत हात घातला, आणि बाहेर आलं ते अंडं! सोवळं पाळणारे पंत, हातात कोंबडीचं अंडं! “शिव शिव!” करत ते दोन पावलं मागे सरले. टाकावं तर फुटतंय, धरावं तर विटाळ! दरबारात खसखस पिकली.

राजांनी येसूला पुढे बोलावलं. हे अंड्याचं कसं सुचलं, म्हणून विचारलं.

“सरकार, माणूस ज्याला जपतो, हात तिथेच जातो. पंत खिसा बघतच नव्हते, हात बघत होते.”

राजांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं, या तिन्हींत सरस पिस्तूल कोणतं, तेही सांगून टाक.”

“आज दरबारभर सरकारांना ज्याची एकदाही आठवण झाली नाही, ते.”

राजांनी दचकून उजव्या खिशात हात घातला. पिस्तूल होतं! खरंच विसरले होते की! राजे असे हसले, की लोडावर रेलले आणि डोळ्यांतून पाणी आलं. दरबारचं सगळं शिवणकाम त्यांनी तिथल्या तिथे गेनूच्या घराण्याकडे वंशपरंपरेनं लावून दिलं, येसूच्या गळ्यात सोन्याची बोरमाळ घातली, आणि पंतांना सांगितलं की ते अंडं आता तुमचं, घरी जपून न्या.