उभा दरबार

वैद्यीण गोदूबाई आवळे किसायला बसल्या होत्या, तोच बातमी आली. राजेसाहेब चार दिवस गादीवर बसलेलेच नाहीत. राजा उभा असताना कुणी बसायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे गोदूबाईंचे म्हातारे वडील, कारभारी अप्पा, उभे राहून कोसळायला आले होते.

त्या तडक दरबारात गेल्या.

"आम्हाला काही झालेलं नाही!" राजेसाहेब गरजले. "आमच्या दुखण्याचं नाव काढाल, तर जीभ छाटू."

गोदूबाईंनी लेपाची डबी पुढे केली. "आपलं कशाला, महाराज? दरबाराचं दुखणं आहे. पाय सगळ्यांचे सुजलेत. लेप तेवढा एकानेच लावायचा, तोही दार लावून आणि पायाला नव्हे."

राजेसाहेबांना हसू आवरेना. डबी मुठीत घेऊन ते उभ्यानेच म्हणाले, "बसा रे सगळे."

अप्पा भिंतीला टेकून बसले. गोदूबाई संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय चोळत राहिल्या. आवळे किसायचे राहिले.