गुलाबदाणीचं खरं अंग

भांडी माणसांपेक्षा जास्त बोलत, त्या काळची गोष्ट. हळदीकुंकवाच्या दिवशी गुलाबदाणी पेटीतून काळवंडलेली निघाली. तबकात जागा मिळाली नाही, तर परत पेटीत जायचं होतं. चांदी दंतमंजनानं उजळते, म्हणून तिनं दंतमंजनाच्या डबीला हाक मारली.

डबीनं विचारलं, "ताई, चांदी अंगावर आहे की अंगात? नुसता मुलामा असेल तर घासून जाईल."

फळीवरची सगळी भांडी कान देऊन होती. "अंगात!" गुलाबदाणी म्हणाली.

तिसऱ्यांदा घासताच पोटावर पिवळा डाग उमटला. जिन्यात पाहुण्या बायकांच्या बांगड्या वाजल्या.

"पितळ असेल तर मी लख्ख करते," फळीवरची चिंच म्हणाली. "पण तसं सांगावं लागेल."

"पितळ," गुलाबदाणी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल," तांब्या म्हणाला, "चिंचेला कमी ऐकू येतं."

"पितळ!"

डबीनं उरलेला मुलामा उतरवला, चिंच-मिठानं ती झळझळली आणि वेळेवर तबकात बसली. शेजारच्या अत्तरदाणीनं डोळे विस्फारले. "अगबाई, सोन्याची का?"

गुलाबदाणीनं मान ताठ केली. फळीवर डबीचं झाकण हललं.

"नाही हो," ती घाईघाईनं म्हणाली, "पितळेची."