तिसरा थेंब

माळावरच्या एका गावात जनावरांचा दवाखाना होता. तिथं शशिकलाबाई पेशी वाढवण्याचं काम करत. जनावराच्या अंगातून कणीएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, काचेच्या बशीत घालून उबेच्या पेटीत वाढवायच्या आणि दुखऱ्या जागी लावायला डॉक्टरांच्या हाती द्यायच्या. वीस वर्षांत त्यांची एकही बशी बाद झाली नव्हती. लोक तसं बोलत, आणि बाईंना ते ऐकायला आवडे.

एकदा बिरू वाघमोडे नावाचा मेंढपाळ आपली घोडी घेऊन आला. चुन्याची फक्की उडून तिचा उजवा डोळा पांढरा पडला होता. एका डोळ्याची घोडी घाटात बिचकते, आणि हिच्या पाठीवर बिरूचं सगळं बिऱ्हाड असे, वर बांधलेलं त्याचं तान्हं लेकरूसुद्धा. डॉक्टर म्हणाले, आंब्याचं करतात तसं कलम करू. चांगल्या डोळ्याच्या कडेच्या पेशी वाढवून या डोळ्यावर लावू. मात्र कलमासाठी हा दुखरा डोळा एकदाच खरवडता येईल. कलम धरलं नाही तर तिथं वण येईल, आणि वणावर दुसरं कलम लागत नाही.

पेशी वाढेपर्यंत बिरूनं बारा दिवस आवारातल्या लिंबाखाली काढले. बाईंनी त्याला एकदा सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. तो हसून म्हणाला, "म्हंजी मी माळावरची मेंढरं मोजायची, आन् तुमी डोळ्यातली."

बारावा दिवस परीक्षेचा. पेशींच्या थेंबात निळा रंग टाकायचा. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. असे तीन थेंब मोजायचे, तिन्ही वहीत लिहायचे आणि तिन्हींची सरासरी धरायची. शंभरात दहापेक्षा जास्त निळ्या निघाल्या तर बशी बाद, असा नियम होता.

पहिल्या थेंबात एकतीस निळ्या निघाल्या. बाईंना वाटलं, नळी नीट हलवली नसेल. त्यांनी तो थेंब लिहिला नाही. दुसऱ्यात सत्तावीस निघाल्या. रंगात जास्त वेळ राहिल्या असतील, असं म्हणून तोही सोडला. तिसऱ्यात आठ निघाल्या. इथं मात्र नळी हलली होती का, वेळ किती झाला, हे बाईंनी मनाला विचारलंच नाही. वहीत आठ लिहिले. तुकड्याचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या बशीत, गारठवून राखून ठेवला होता. तो वाढायला आणखी बारा दिवस लागले असते. पण मग बशी बाद झाली, असं सांगावं लागलं असतं.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि डोळा खरवडून कलम केलं.

तीन आठवड्यांनी पट्टी सुटली. डोळा होता तसाच पांढरा होता, कडेनं वण आला होता. डॉक्टरांनी पुन्हा वही पाहिली, आठचा आकडा वाचला आणि कपाळाला हात लावला. बिरूनं घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि तो बाईंचीच समजूत घालू लागला, की तुम्ही लेकरागत जपलंत, हिच्या नशिबातच नव्हतं.

ते बोलणं बाईंना सोसवेना. त्यांनी दोघांसमोर तिन्ही थेंबांचे आकडे सांगितले.

बिरू लगाम हातात घेत म्हणाला, "बारा दिस थांबलोच हुतो की, बाई. आनखी बारा थांबलो असतो."

लेकराला पाठीशी बांधून तो घोडीच्या उजव्या अंगानं, तिचा डोळा होऊन, चालू लागला. बाईंनी वही उघडली आणि आठच्या वर एकतीस आणि सत्तावीस लिहिले. आकडे आता खरे झाले होते, पण त्यांचा उपयोग कुणालाच नव्हता.

तात्पर्य: नकोशा उत्तरात आपण जितक्या चुका शोधतो, तितक्याच हव्याशा उत्तरातही शोधाव्यात, आणि खरं सांगायचं ते उपयोग आहे तोवर सांगावं.