मेण्यात चालणारी राजकन्या

एक होता राजा. त्याला एकच लेक, पोवळी. आईविना पोर, म्हणून राजा तिला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. नुकती चालायला लागली तेव्हा ती उंबऱ्याला अडखळून पडली, कपाळाला टेंगूळ आलं. झालं. राजानं हुकूम काढला, माझ्या लेकीचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. मग काय, पलंगावरून दाईच्या कडेवर आणि कडेवरून मेण्यात. मेणा म्हणजे पडदे लावलेली पालखी, बरं का. चार भोई तिला रोज त्यातून हवा खायला न्यायचे.

पोवळी दहा वर्षांची झाली, तरी प्रकृती आपली तोळामासा. जेवण जाईना, झोप लागेना. पंतोजींनी शिकवलेलं या कानातून आत, त्या कानातून बाहेर. राजवैद्यांनी चूर्ण दिलं, लेप दिला, काढा दिला. कशानं म्हणून गुण येईना. आपली लेक हातची जाते की काय, या काळजीनं राजा खंगला.

पोवळीच्या मनात मात्र एकच. जमीन लागते तरी कशी? गार असते? टोचते? दाईला विचारलं तर ती म्हणायची, "शू, महाराज ऐकतील."

मग एकदा काय झालं, मेण्याचा वेताचा तळ पार कुजला होता. भर वाटेत तो तुटला आणि पोवळी धपकन खाली. भोयांची पाचावर धारण बसली. पोवळीनं गुडघे चोळले, मेण्याची दांडी धरली आणि लटपटत उभी राहिली.

पडद्याआडून म्हणाली, "येसूदादा, थांबू नका. जरा हळू चला."

"बाईसाहेब, महाराजांना कळलं तर?" येसू भोई कुजबुजला.

"पडदे लांब आहेत की."

मग रोज तेच. बाहेरून भोई चालायचे आणि आतून राजकन्या चालायची. आहे की नाही गंमत? आधी तिला काटा रुतला, तो तिनं स्वतः उपटला. मग पाय चिखलात बुडाला, बोटांतून चिखल वर आला, तशी ती खुदकन हसली. मग दिसली मुंग्यांची रांग.

आता घरी आली की तिला कडकडून भूक लागायची. पंतोजींना विचारायची, "मुंगीला घर कसं सापडतं?" पंतोजी डोकं खाजवत बसायचे. राजाला वाटलं, चूर्णाचा गुण. त्यानं वैद्यांना सोन्याचं कडं दिलं. वैद्यांनी ते घेतलंही.

पण एकदा राजा मेण्यामागून चालला होता. वाट ओली होती. भोयांच्या रुंद पावलांमधून इवलीशी पावलं उमटलेली. राजानं पडदा सारला. भोयांनी डोळेच मिटून घेतले.

राजा मटकन खाली बसला. लेकीचा चिखलानं भरलेला पाय त्यानं मांडीवर घेतला. तळव्याला काट्याची खूण होती. त्याचे डोळे भरून आले.

"दुखलं असेल ना गं?"

"दुखलं की, आबा. मग बरं झालं."

राजानं उपरण्यानं तिचा पाय पुसला. मग त्यानं आपल्या मोजड्या काढल्या, लेकीचं बोट धरलं आणि दोघं चालत घरी गेले. वाटेत ती एकदा पडली. राजा थांबला, आणि ती आपली आपण उठली. मेण्यात पुढं एक कोंबडी अंड्यांवर बसली, आणि सगळे सुखानं राहिले.

आता तुमचे पाय दाखवा बघू. अगं बाई, केवढी ही माती. आणि गुडघा कुणाचा फुटलाय? जा, धुवून या. हळद लावते, मग गुपचूप झोपायचं.