कोरजाईचं कपाळ

या, चपला पायरीपाशी काढा आणि आत या. भिंतीवर आहे ती आमची कोरजाई. तिच्या कपाळावरचं लाल कुंकू कुणा माणसाने लावलेलं नाही. हसताय? हसा. तुम्ही चित्रकार मंडळी. लाल म्हणजे शक्ती, पांढरा म्हणजे शांती, असं तुमच्या प्रदर्शनात लिहिलेलं असतं म्हणे. इथे या लालपायी एका बाईवर गाव सोडायची वेळ आली होती.

असं सांगतात की देऊळ तेव्हा नवं होतं. भिंती तांबड्या जांभ्याच्या, वरून चुन्याचा गिलावा. देवी काढणारा चितारी चित्र अर्ध्यावर टाकून तापाने गेला. त्याची बायको येसू, जन्मभर त्याचे रंग घोटत आलेली. देवी पुरी करीन, असा शब्द तिने त्याला दिला होता. मानकऱ्यांनी कुरकुरत होकार दिला, पण अट घातली. विधवेने देवीला कुंकू लावायचं नाही, कपाळ कोरं सोडायचं, ते जत्रेदिवशी गुरव भरील. तिने लावलंच, तर चित्र खरवडायचं आणि तिने गाव सोडायचं.

येसूने लाल सोडून सगळे रंग भरले, शेवटी देवीचे डोळे रेखले आणि घरी गेली. जत्रेच्या सकाळी गुरवाने दार उघडलं, तर कपाळावर कुंकू! येसूला ओढत आणलं. ती रडली नाही की भांडली नाही.

"पुसून बघा," ती म्हणाली. "माझं पुसताना कुठे थांबला होतात?"

गुरवाने ओलं फडकं फिरवलं. फडकं पांढरंच राहिलं आणि कुंकू गडद झालं. पुन्हा पुसलं, आणखी गडद. चुना भिजला की आतला जांभा दिसतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण तो नेमका तिथेच, तेवढाच का दिसावा?

गुरवाने फडकं खाली ठेवलं. त्याने कुंकवाचा करंडा उचलला आणि सगळ्या गावासमोर येसूपुढे धरला.

"आईचं पुसलं जात नाही. तुझं पुसणारे आम्ही कोण?"

आजही जत्रेआधी देवीच्या कपाळाला चुना लावतात आणि कोरं सोडतात. जत्रेच्या सकाळी ते लाल झालेलं असतं. आमच्या गावची मुलं आता शहरात मोठमोठी चित्रं लावतात, पण देवी काढली की तिचं कपाळ तेवढं कोरं ठेवतात. आणि जत्रेचा करंडा आधी विधवांपुढे येतो.

मघापासून माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघताय ना? आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली.