शिंगवाला आणि त्याची थंड चूल

फार पूर्वी, डोंगरावर रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका उंच पठारावर एक शिंगवाला राहायचा. अगदी एकटा.

पठाराच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव आणि वाटेच्या एका अंगाला सरळ तुटलेला कडा. पावसाळ्यात तिथं असं धुकं उतरायचं, की स्वतःचा हात स्वतःला दिसू नये. अशा वेळी शिंगवाल्याने टेकाडावर उभं राहून पितळी शिंग फुंकायचं आणि वाटसरूंनी त्या आवाजाच्या रोखाने चालायचं, ही तिथली रीत. आवाज समोर ठेवला की कडा लांब राहतो, असं तिकडच्या आया लेकरांना शिकवायच्या.

हे काम आधी त्याच्या बापाचं होतं, बापानंतर त्याच्याकडे आलं. आई होती तोवर झोपडीत दोन शब्द तरी ऐकू यायचे. धाकटी बहीण पठारापलीकडे दिलेली. आणि याला म्हणाल, तर अशा वाऱ्यावरच्या घरात मुलगी द्यायला कोण तयार होणार?

आई गेली. नंतर एका संध्याकाळी त्याने सवयीने दोघांच्या भाकरी थापल्या. शेवटची भाकरी तव्यावर पडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की खाणारा एकच आहे. त्याला फार वाईट वाटलं. ती भाकरी त्याने तशीच करपू दिली. त्यानंतर चूल पेटवणं त्याच्या जिवावर यायला लागलं.

शिंगाची निगा मात्र बघण्यासारखी! चिंच आणि राख लावून तो ते असं घासायचा, की त्यात तोंड दिसावं. घरात एकच चांगलं घोंगडं होतं, तेही शिंगाला. स्वतः विरलेल्या चादरीत कुडकुडत पडायचा. गावकरी त्याच्यासाठी पायथ्याच्या दगडावर पीठमीठ, डाळतांदूळ ठेवून जायचे. ते लोक गेल्यावरच हा खाली उतरायचा, कारण कुणाशी काय बोलावं हेच त्याला सुचेनासं झालं होतं.

कधीतरी मनात आलं की तो ढीगभर भाकऱ्या बडवून ठेवायचा आणि त्या खडखडीत झाल्या तरी पाण्यात भिजवून खात राहायचा. डाळीला जाळी लागायची. झोप आली की आडवा व्हायचा, मग ती सकाळ असो की भर दुपार. सोबतीला होती चिलीम. चिलमीने ऊब येते, असं त्याचं म्हणणं. येते खरी, पण ती आतून काय काय जाळते ते सांगत नाही.

"एकट्यासाठी कुठं चूल पेटवायची?" असं तो स्वतःशीच म्हणायचा. ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

अशी बरीच वर्षं गेली. शरीर बिचारं सोसत राहिलं. मग हळूहळू शिंगाचा आवाज आखूड व्हायला लागला. पूर्वी त्याची एक फुंक पठार ओलांडून जायची, आता ती जवळच्या झाडापर्यंत जाऊन विरायची. शिंगवाल्याला वाटलं, शिंगाला कुठेतरी भोक पडलंय. त्याने सांध्यांना मेण लावलं, लाख लावली, पुन्हा घासलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

एकदा एक म्हातारा मेंढपाळ मेंढरं घेऊन तिथून चालला होता. शिंगवाला मेण लावत बसलेला बघून तो थांबला.

"काय रं, काय झालं शिंगाला?"

"वारं गळतंय कुठंतरी."

"बघू आण हिकडं."

म्हाताऱ्याने पाय रोवले, छाती भरून घेतली आणि शिंग फुंकलं. पठार दणाणलं. मेंढरं बिथरून एकमेकांवर चढली. म्हाताऱ्याने शिंग परत दिलं.

"भोक शिंगात न्हाई, पोरा. ताजं खा, चार पावलं चाल, ती चिलीम सोड. शिंग लई जपलंस, आता फुंकणाऱ्याला जप."

शिंगवाल्याला राग आला. "तुमची मेंढरं बघा, म्हातारबा. माझं मी बघतो," असं म्हणून तो आत गेला आणि त्याने चिलीम भरली.

श्रावण लागला. पंचमीला माहेरी येते, असा बहिणीचा निरोप आला. शिंगवाला हरखून गेला. त्याने झोपडी झाडली, दारात पाणी मारलं आणि पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळपासूनच वाटेकडे डोळे लावून बसला. पण ती वाटेत असतानाच भर दुपारी धुकं उतरलं.

शिंगवाला टेकाडावर धावला. धावण्यानेच त्याला धाप लागली. त्याने शिंग ओठांना लावलं, फुंकलं. आवाज निघाला आणि तुटला. पुन्हा फुंकलं. आता खोकल्याची अशी उबळ आली, की तो गुडघ्यावर बसला.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली, "दादाऽ! ए दादाऽ!"

हाक कड्याच्या बाजूने येत होती.

ओरडावं तर घशातून आवाज फुटेना. फुंकावं तर छातीत वारा उरलेला नव्हता. तो उठून हाकेच्या दिशेने पळायला गेला आणि थोड्या अंतरावर पाय लटपटून पडला. मग दुसरी हाक आली नाही. तो चिखलात पडून रडत राहिला. एवढं चकचकीत शिंग हातात, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

तिन्हीसांजेच्या आधी वारा सुटला, धुकं फाटलं. बहीण कड्यापासून हातभर अंतरावर बसली होती. एका हाताने करवंदीची जाळी घट्ट धरलेली, दुसऱ्या हाताने पोटाशी तान्ही लेक. करवंदीच्या काट्यांनी हात रक्ताळला होता.

"शिंग थांबलं, तशी आहे तिथंच बसले," ती म्हणाली. "शिंग थांबलं की जागचं हलायचं न्हाई, आपल्या आईनंच शिकवलं होतं की. हाकसुद्धा मारली न्हाई मग. तू धावत आलास आणि घसरलास तर, असं वाटलं."

त्याने वाकून तान्हीला उचलून घेतलं.

झोपडीत आल्यावर बहिणीने थंडगार चूल पाहिली, जाळी लागलेली डाळ पाहिली, भावाच्या मोजता येतील अशा बरगड्या पाहिल्या. ती रागावली नाही, तेच त्याला जास्त लागलं.

"आज भावाचा उपास असतो, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "तुला औक्ष मिळावं म्हणून मी दरसाली उपाशी राहते. आणि तू इथं त्याची अशी माती करतोस?"

"कुणासाठी करायचं गं? एकटाच तर आहे मी. जेवलास का म्हणून विचारायलासुद्धा कुणी न्हाई."

"एकटा आहेस म्हणूनच करायचं, दादा. ज्याला विचारायला माणसं आहेत, त्याची हयगय कुणीतरी निभावून नेतं. तुझी कोण निभावणार? तुझं तुलाच बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी तवा चढवत नाहीत, म्हणून तिने पुरणाची दिंडं उकडली. वाफाळती दिंडं आणि वर तूप. शिंगवाला खाता खाता पुन्हा रडला. चार दिवस राहून बहीण सासरी गेली.

ती गेली आणि झोपडी पहिल्यापेक्षा रिकामी झाली. दुसऱ्या सकाळी त्याला उठावंसं वाटेना. उठून तरी काय करायचं? तरी तो उठला आणि त्याने चूल पेटवली. भात करपला, तो त्याने खाल्ला. चिलीम त्याने फेकून दिली, मग शोधून आणली, मग पुन्हा फेकली. असं कितीदा तरी झालं. तो रोज झऱ्यावर उतरून पाणी भरायला लागला. सुरुवातीला वाटेत दहा ठिकाणी टेकायचा. गावकरी पीठमीठ घेऊन यायचे, तेव्हा तो आता दगडापाशी आधीच जाऊन बसायचा. फार बोलायचा नाही, पण बसायचा. रोज ठरल्या वेळी झोपायचा आणि सूर्याबरोबर उठायचा. बरं वाटायला महिने लागले. वर्षानुवर्षांची हयगय चार दिवसांत कशी भरून निघणार?

पुढच्या श्रावणात धुकं उतरलं. त्याने पाय रोवून शिंग फुंकलं. आवाज पठारभर गेला. धुक्यातून कुणाकुणाचे कुकारे आले, बाया हसल्या, एक लेकरू रडलं. सगळे त्या आवाजाच्या रोखाने आले आणि आपापल्या गावाला उतरून गेले. टेकाडावर कुणीच चढलं नाही. धुक्यात तो त्यांना दिसलाही नव्हता.

तो आत आला. चुलीवर आमटी रटरटत होती. त्याने ताट घेतलं, गरम भात वाढला, वर आमटी घेतली आणि पाट मांडला. क्षणभर तो ताटासमोर नुसता उभा राहिला.

"बस, जेव," तो स्वतःलाच म्हणाला. आणि पोटभर जेवला.

तात्पर्य: शरीर रोज थोडं थोडं जपावं लागतं. वाढणारं कुणी नसेल, तर आपलं ताट आपणच वाढून घ्यावं, आणि तेही गरम.